तांबड्या मातीवरची खूण

बाई, तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊनही आता वीसेक वर्षं होतील, तेव्हा हे तुमच्या हाती पडण्याची धास्ती मला दोन्ही बाजूंनी नाही. आपण बोलायचो ते इंग्रजीत. तुमचं ग्रीक वळणाचं, माझं नाशिकच्या शाळेतून आणलेलं, आणि दोघींचं मिळून मिशिगनमधल्या आपल्या ट्रॉय गावात कुणालाच धड न कळणारं. पण घरी तुमचा विषय निघायचा तो मराठीतच. आई तुम्हाला ‘बाई’ म्हणायची, कारण तिच्या हिशेबी शिकवते ती बाई, मग ती बीजगणित शिकवो नाहीतर बॅकहँड. त्यामुळे तुम्ही माझ्या डोक्यात मराठीतच मुक्कामाला आहात, ‘अहो-जाहो’सकट, आणि मनातलं बोलायचं म्हटलं की याच भाषेत बोलावं लागतं.

लिहायला कारण तसंच झालंय. इथं ॲन आर्बरला माझ्या क्लिनिकमध्ये एक म्हातारी यायची, आणि तिनं मला तुमच्याबद्दल एक प्रश्न विचारला. तुमच्या टेनिसच्या दिवसांत एक गोष्ट घडली, ती तुम्हाला तेव्हा कळली होती की नाही, एवढंच तिला हवं होतं. ती गोष्ट तिच्याच हातून घडलेली. तुम्ही या जगात नाही म्हटल्यावर तिनं मला धरलं, आणि मीही अशी, की कुणी प्रश्न टाकला की मला तो गिळवत नाही. लहानपणापासूनची खोड. आई भोचक म्हणायची, तुम्ही दुसरा एक ग्रीक शब्द वापरायचात, त्याचा अर्थ मी मुद्दामच कधी विचारला नाही.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते कोर्टावर नाहीच. तुमच्या नवऱ्याच्या कोनी आयलंडमध्ये, गल्ल्यामागे. मिशिगनमध्ये ग्रीक लोकांच्या साध्यासुध्या खानावळींना कोनी आयलंड म्हणतात हे आम्हाला आत बसल्यावर कळलं. बाबांना गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागून आम्ही नुकतेच आलो होतो, घर पक्कं शाकाहारी, आणि तिथल्या लांबलचक मेनूत आमच्यासाठी होतं काय, तर चीज घालून भाजलेला पाव आणि राइस पुडिंग. आईनं पुडिंगचा पहिला चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, अगं बाई, ही तर तांदळाची खीर, नुसता वेलदोडा विसरलेत. पुढच्या रविवारी तिनं पर्समधून वेलदोड्याच्या पुडीची डबी काढून सरळ गल्ल्यावर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही डबी उघडलीत, वास घेतलात, चिमूटभर पुडी जिभेवर ठेवलीत आणि आईला काही बोलण्याऐवजी माझ्याकडे बघायला लागलात. मी डाव्या हातानं खीर खात होते आणि आई मला खालून चिमटे काढत होती, उजव्या हातानं खा म्हणून. तुम्ही गल्ल्यामागून बाहेर आलात, आईचा हात धरून बाजूला केलात आणि म्हणालात, हिचा हात बदलू नका, दुपारी हिला घेऊन या. कुठं, कशाला, ते आम्हाला काहीच कळलं नाही. पण आईला डबीचा मान राखला गेल्यासारखं वाटलं असणार, कारण ती मला घेऊन आली.

तुमच्या टेनिसबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं असं तुकड्यातुकड्यानं, तुमच्याकडून उपटून काढलेलं. थेसालोनिकीला बंदराजवळ एक क्लब होता. पुरुष सभासद दुपारी जेवून झोपायचे, तेवढ्याच वेळात मुलींना कोर्ट मिळायचं, भर उन्हात, आणि अट अशी की कुणाची झोप मोडता कामा नये. म्हणून तुम्ही जन्मभर कोर्टावर ओरडला नाहीत. बॉल बाहेर गेला तर नुसती तर्जनी वर करायचात. मग तुम्ही देशात पहिल्या आलात, एकदाच नव्हे, पण किती वेळा ते काही सांगितलं नाहीत. मग युरोपभर फिरलात, बोटीनं आणि ट्रेननं, एका खोलीत चौघी-चौघी, बेसिनमध्ये कपडे धुवून ते रॅकेटवर वाळत घालत. मोठ्या स्पर्धांआधी पात्रता फेरी असते हे मला तुम्हीच समजावलं होतंत. ज्यांना कुणी ओळखत नाही अशा बायका आपापसांत खेळतात आणि त्यातल्या मूठभर आत जातात. तुम्ही कधी आत गेलात का, असं मी विचारलं की म्हणायचात, हिवाळा संपला की सांगीन. आता मिशिगनचा हिवाळा कधी संपतो का!

आणि खेळ सोडलात का, याची तुमच्याकडे माणसागणिक वेगळी कारणं होती. आईला सांगितलंत गुडघा. बाबांना सांगितलंत लग्न. खानावळीतल्या गिऱ्हाइकांना सांगायचात की ग्रीसमध्ये बायकांच्या टेनिसला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. मला म्हणालात, पुरे झालं होतं. या चारही गोष्टी खऱ्या असतील, मी खोटं म्हणत नाही. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांना ‘व्यायाम का केला नाही’ असं विचारते आणि चार-चार कारणं ऐकते. चार कारणं मिळाली की मला पाचवं हवंसं वाटतं.

एका दसऱ्याचं आठवतं. तुमची एक जुनी लाकडी रॅकेट तुम्ही मला दिली होतीत, खेळायला नव्हे, नुसती ठेवायला. आईनं ती दिवाणखान्यात टांगली. दसरा आम्ही जवळच्या शनिवारी करायचो, तशी इकडची रीत. त्या दिवशी पाटावर बाबांची हत्यारांची पेटी, आईची सुरी आणि किसणी, माझी पुस्तकं आणि तुमची रॅकेट, सगळं मांडलेलं, हळदकुंकू लावलेलं, झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटमधली शेवंती वाहिलेली. तुम्ही दारातून आत आलात आणि पाटापाशी थबकलात. आई स्वयंपाकघरातून मला ओरडून सांगतेय, अगं त्यांना सांग, ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा असतो. मी सांगितलं. तुम्ही कुंकवाला बोट लावलंत, दोन बोटांत चोळलंत आणि म्हणालात, आमची कोर्टाची माती अशीच, मोज्यात शिरली की मोजा फाटेपर्यंत निघत नाही. मग म्हणालात, या रॅकेटवर माझं घर कधी चाललं नाही. मी हे आईला मराठीत सांगितलं, तर ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, पण त्यांना इथवर आणून सोडलं ना तिनं, मग तेवढ्यासाठी करा नमस्कार. हे मी तुम्हाला परत इंग्रजीत सांगितलं. तुम्ही नमस्कार केला नाहीत, पण पाटावरचं शेवंतीचं एक फूल सरळ केलंत. नंतर स्वयंपाकघरात नळाला टांगलेला चक्का बघून तुम्ही खूश झालात, आमच्याकडेही असंच दही टांगतात म्हणालात, आणि श्रीखंडाची वाटी तीनदा पुढं केलीत. आईनं ती गोष्ट पुढं कितीतरी वर्षं ओळखीपाळखीच्यांना सांगितली.

शिकवायचात त्या बबलमध्ये, फुगवलेल्या पांढऱ्या तंबूत, जिथं बाहेर हिमवर्षाव आणि आत पंख्याची घरघर. खाली निळं-हिरवं कडक कोर्ट. अशा कोर्टावर बॉलची खूण उमटत नाही, तरी प्रत्येक पॉइंट झाला की तुम्ही बेसलाइनजवळ बूट घासायचात, जणू काही पुसताय. आम्ही मुली तुमची नक्कल करायचो. मी विचारलं तेव्हा कळलं, की मातीच्या कोर्टावर बॉल पडला की ठसा उमटतो, आणि जुना ठसा पुसून टाकावा लागतो, नाहीतर पुढचा वाद मिटत नाही. उन्हाळ्यात एकदा तुम्ही आम्हाला मातीच्या कोर्टावर घेऊनही गेलात आणि खेळ बाजूला ठेवून ठसे वाचायला शिकवलंत. ताज्या ठशाच्या कडा कशा उठून दिसतात, जुन्याच्या कशा ढासळतात, लांबट ठसा म्हणजे जोरकस बॉल. मी इतके प्रश्न विचारले की शेवटी तुम्ही झाडू माझ्या हातात दिलात आणि सगळं कोर्ट झाडायला लावलंत. प्रश्न नंतर, असं म्हणालात. तुमचं आवडतं वाक्य ते.

आता त्या म्हातारीकडे येते. पेशंटबद्दल असं बाहेर बोलायचं नसतं, नियम फार कडक आहेत इथले, पण तुम्ही कुणाला सांगायला जाणार आहात? ती मूळची रुमानियाची. खुब्याचा सांधा बदललाय, इथं मुलीकडे राहते, मुलगी युनिव्हर्सिटीत शिकवते आणि तिला माझ्याकडे सोडून जायची. पहिल्याच दिवशी मी तिचे खांदे बघितले आणि म्हटलं, टेनिस खेळायचात का तुम्ही? उजवा खांदा उतरलेला, उजवा हात डाव्यापेक्षा अजूनही भरीव. तिला इतका आनंद झाला, बाई! म्हणाली, डॉक्टरांनी माझे इतके फोटो काढले पण एकाही गाढवाला हे दिसलं नाही. मग काय, आमची गट्टी जमली. ती रबरी पट्टा पायाला बांधून व्यायाम करायची, रुमानियन भाषेत आकडे मोजायची आणि मधेच थांबून गप्पा मारायची, मी ओरडले की पुन्हा पहिल्यापासून मोजायची. बोलता बोलता मी म्हटलं, मलाही एका ग्रीक बाईंनी शिकवलं. तेव्हाच्या ग्रीक खेळाडू त्या अशा कितीशा असणार. तिनं विचारलं, डावखुरी? मी हो म्हटलं. तिनं तर्जनी वर केली, जशी तुम्ही करायचात अगदी तशी. मी पण तशीच केली. मग ती टेबलावर उठून बसली आणि त्या दिवशी व्यायाम झालाच नाही.

तिनं सांगितलं ते असं. पात्रता फेरीचा शेवटचा सामना, तुम्ही दोघी. जिंकेल ती मुख्य स्पर्धेत. तांबडी माती, कडेचं कोर्ट, पंच नाही. आपापल्या बाजूचा निर्णय जिनं तिनं द्यायचा. तिच्या देशात तेव्हा कायदा असा, की बाहेर जिंकलात तर पुन्हा बाहेर जायची परवानगी, नाहीतर पासपोर्ट परत कपाटात. ती त्या वर्षी सगळीकडे हरत आली होती. आणि इथं ती एक पॉइंट जिंकली तर सामना तिचा, अशी वेळ आली. तिनं बॉल मारला, तुमच्या डाव्या कोपऱ्यात. तुम्ही तर्जनी वर केलीत. बाहेर. तिलाही दिसलं होतं, बाहेरच होता, हातभर नाही पण चांगला वीतभर. पण आदल्याच पॉइंटला तिचा एक बॉल त्याच कोपऱ्यात रेषेवर पडला होता आणि तुम्ही तो ठसा पुसायचा विसरला होतात, हे तिच्या लक्षात होतं. ती काही खोटं बोलली नाही. तिनं फक्त बोटानं खाली दाखवलं, एकदा ठसा बघतेस का, असं. तसं विचारायची रीतच असते. तुम्ही गेलात, वाकलात, रेषेला चिकटलेल्या ठशावर बोट ठेवलंत, थोडा वेळ तशाच राहिलात. मग ‘आत होता’ अशी मान डोलावलीत, नेटपाशी आलात आणि तिच्या हातात हात दिलात.

मुख्य स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत सपाटून हरली. पण आत गेली होती एवढ्यावर पुढच्या वर्षी परवानगी मिळाली, आणि त्या दौऱ्यावर गेली ती परत गेलीच नाही. इथली माती, नवरा, मुलगी, युनिव्हर्सिटीतली तिची नोकरी, सगळं त्या एका ठशाच्या पुढचं, असं ती म्हणते. तुम्ही मात्र त्या मोसमानंतर कुठल्या यादीत दिसला नाहीत. तिनं शोधलं होतं. कुणी म्हणालं गुडघा, कुणी म्हणालं लग्न. आणि बाई, तुम्ही इथंच होतात, तासाभराच्या ड्राइव्हवर, गल्ल्यामागे बसून लोकांना राइस पुडिंग देत होतात. तिची मुलगी लहान असताना ते लोक ट्रॉयच्या मॉलमध्ये खरेदीला यायचे. मी तिला कोनी आयलंडचा पत्ता सांगितला तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

मग तिनं विचारलं.

“तिला कळलं होतं का? झोपलेल्या माणसाच्या खिशातून काढलं की जाग्या माणसानं काढू दिलं, एवढं मला कळलं पाहिजे.”

यातलं तिला काय आवडेल, असं मी विचारलं. जागी असलेली बरी, म्हणाली. मग निदान आम्ही दोघी त्यात होतो. झोपलेली असेल तर मी एकटीच.

मी तिला तुमचं बूट घासणं सांगितलं. खूण न उमटणाऱ्या कोर्टावरही पुसायचात, म्हणजे काहीतरी जिव्हारी लागलं असणार ना? तिनं ते उडवूनच लावलं. मातीवर वाढलेल्या सगळ्याच तसं करतात, म्हणाली, मी अजून स्वयंपाकघरात करते, मुलगी हसते. ते काही धरता येणार नाही. पुढच्या आठवड्यात तिची शेवटची अपॉइंटमेंट होती, इन्शुरन्सवाल्यांनी त्यापुढं नाही म्हणून कळवलं होतं, आणि त्यानंतर ती मुलीबरोबर ॲरिझोनाला जाणार होती, उबेला, कायमची. आठवतं का बघ, एवढंच म्हणाली.

आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. भाजी चिरताना तुम्ही, गाडी चालवताना तुम्ही. आणि मग एकदम सापडलं. ग्रँड रॅपिड्सची ती मुलींची स्पर्धा. तिथंही पंच नसायचा, इथल्या पोरांच्या स्पर्धांत नसतोच, ज्याचा त्यानं निर्णय द्यायचा. समोरच्या मुलीनं माझा चांगला आतला बॉल बाहेर म्हणून सांगितला, तोही ऐन मोक्याच्या वेळी. मी वर गॅलरीत तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही कॉफीच्या कपात डोकं घातलेलं. मी हरले. परतताना गाडीत मी भोकाड पसरलं. तुम्ही बघितलंत ना, मग बोलला का नाहीत? मग तुम्ही जे बोललात ते आज मला जसंच्या तसं ऐकू येतं.

“बॉल आत होता हे त्या मुलीला माहीत आहे. ती घरी जाईल, जेवेल, झोपेल, आणि तिला माहीत असेल. मी ओळखते अशा एकीला.”

एकीला! आणि मी, जगाच्या चौकशा करणारी, त्या दिवशी रडण्यात इतकी गुंग की ‘कोण ती’ एवढं सुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर प्रश्न नंतर म्हणाला असतात, ते सोडा.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पण कधीपासून, बाई? रात्री खोलीत मोजे धुताना लक्षात आलं? नेटपाशी हात देताना तिच्या डोळ्यांत दिसलं? की वाकलात तेव्हाच? मला हे सोडवत नाही. ठसे वाचायला मला तुम्ही शिकवलंत. ताजा कुठला, जुना कुठला, हे ज्या बाईला उभ्यानं कळायचं तिला बोटाच्या अंतरावरून कळलं नाही, हे मला पटत नाही. दोन्ही ठसे तुमच्यासमोर होते. तुम्ही थोडा वेळ तशाच राहिलात, असं ती म्हणाली. त्या थोड्या वेळात काय चाललं होतं? परत एक आठवडा बेसिनमध्ये कपडे, परत चौघींची खोली, आत गेलात तरी पहिल्या फेरीत कुणीतरी मोठी समोर, असं काही डोक्यात आलं का? पुरे झालं, असं मला म्हणाला होतात. ते तिथं, वाकल्या वाकल्या ठरवलंत का? तसं असेल तर तिनं तुमचं काहीच चोरलं नाही. आणि तसं नसेल, तर तुम्ही ते माहीत असूनही तिला आयुष्यभर कुढू दिलंत आणि वर गाडीत एका लहान मुलीला त्याचा धडा दिलात. तुम्ही कडक होतात, मान्य, पण इतक्या? मला तुमचा रागही आला आणि मायाही, दोन्ही एकाच वेळी.

शेवटी आईला फोन केला. ती अजून ट्रॉयलाच आहे, बाबांनंतर एकटी, ऐकू कमी येतं पण बाकी सगळं शाबूत. सगळं ऐकून घेतलंन आणि म्हणाली, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मग तिला त्या म्हातारीची कीव आली. एवढ्या वर्षांनी ती विचारतेय तर सांगून टाक बाई, म्हणाली. पण जेवढं बोलल्या तेवढंच सांग. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं काही घालू नये.

मी तसंच ठरवून गेले. म्हातारी त्या दिवशी लिपस्टिक लावून आलेली. आधी तिला जिन्याच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावलं, काठी नीट धरतेय ना बघितलं, घरी करायच्या व्यायामाचे कागद दिले. मग टेबलावर तिच्याशेजारी बसले आणि ग्रँड रॅपिड्सची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, कॉफीच्या कपासकट. तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत असताना पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, परत सोडत होती.

‘अशा एकीला’ हे तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. म्हणजे जागी होती, म्हणाली. मला वाटलं झालं, आता मुलगी येईल, निघतील. पण म्हातारीनं माझं मनगट धरलं. अजून पकड अशी की काय सांगू.

“कशी म्हणाली ते? रागानं?”

याचा मी विचारच केला नव्हता. आठ दिवस शब्द आठवत बसले, बाकी काही नाही. आणि ती अशी बघत होती माझ्याकडे, की ‘माहीत नाही’ म्हणायला तोंड उघडेना. सगळं या एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं होतं, तुम्ही जाग्या होतात ते कळलं, पण जाग्या राहून काय केलंत ते तिला आता हवं होतं.

“हसत,” मी म्हटलं. “हसत म्हणाल्या.”

तिनं मनगट सोडलं. तिचा सगळा चेहरा सैल झाला, बाई, औषध दिल्यावर होतो तसा. ती हसायची तेव्हा पुढचा तुटका दात दिसायचा, असं म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली, डोळे पुसत. मी हो, हो म्हटलं. दात तुटका होताच तुमचा, ते खरंच आहे. मग मुलगी आली, तिनं आईला कोट घातला, मला मिठी मारली, आणि दोघी पार्किंग लॉटमध्ये हळूहळू गेल्या. काठी म्हातारीच्या हातात होती पण ती टेकत नव्हती.

हे पत्र कुठं पाठवणार मी? तुमची खानावळ आता फोनची कव्हरं विकते, तुमचे मुलगे कुठं आहेत माहीत नाही, आणि असते तरी त्यांना मराठी कोण वाचून दाखवणार. राहू दे इथंच. आईला मी सांगितलं की जेवढं बोलल्या तेवढंच सांगितलं, ती म्हणाली शहाणी गं माझी. तुम्हाला मात्र खरं ते सांगते. तुम्ही गाडी चालवत होतात, पुढच्या सीटवर रॅकेटची बॅग होती, आणि मी मागं बसून रडत होते. आरशात दिसत होतं ते तुमचं कपाळ तेवढं. तुम्ही हसत होतात की नाही, ते मला माहीत नाही.